सव्वादोनचा भोंगा

सप्टेंबर 1982. भोपाळचे पत्रकार राजकुमार केसवानी आपल्या ‘रपट’ साप्ताहिकातून युनियन कार्बाइडच्या कारखान्याबद्दल शहराला सावध करू लागतात. वर्षअखेरीस प्रश्न विधानसभेत जातो. मंत्र्यांच्या उत्तराचा मथितार्थ असा, की पंचवीस कोटींचा कारखाना म्हणजे उचलून दुसरीकडे ठेवायचा दगड नव्हे.

2 डिसेंबर 1984, रविवार. रात्री 9.30. कारखान्यात पाइप पाण्याने धुण्याचे काम चालू आहे. पाणी भलतीकडे जाऊ नये म्हणून मध्ये लोखंडी चकती अडकवायची असते. ती अडकवलेली नाही. जवळच 610 क्रमांकाची टाकी आहे, निम्मी जमिनीत पुरलेली. आत सुमारे 42 टन मिथाइल आयसोसायनेट, पाणी लागले की तापून वायू होणारे विषारी द्रव. त्यात पाणी नेमके कुठून शिरले, यावर कामगार आणि कंपनी यांचे अजून जुळलेले नाही. पाणी शिरले, हे दोघांनाही मान्य आहे.

10.20. टाकीतला दाब 2 पौंड. नेहमीचा.

10.45. पाळी बदलते.

11.00. दाब 10 पौंड. नव्या पाळीला यात वावगे दिसत नाही, कारण 25 पर्यंत चालतो. चाळीस मिनिटांत तो पाचपट झाला, हे मागच्या पाळीचा आकडा शेजारी ठेवला असता तर लक्षात आले असते. तापमानावरूनही काही कळण्याची सोय नाही. टाकी थंड ठेवणारे यंत्र त्या वर्षीच्या जूनपासून बंद आहे. शून्य ते पाच अंशांत ठेवायचा माल बाहेरच्या हवेइतका तापलेला आहे.

11.30. कामगारांचे डोळे चुरचुरू लागतात. याची इथे सवय आहे. काही जण शोधत शोधत गळतीच्या जागेपर्यंत पोहोचतात आणि पर्यवेक्षकाला सांगतात. चहा झाला की बघू, असे ठरते.

12.15. चहा.

12.40. काटा 55 वर टेकला आहे. तबकडीवर त्यापुढे आकडाच नाही. टाकीवरचे काँक्रीट तडकते आहे, खालून गडगडाट येतो आहे. सुरक्षा झडप उघडते. बाहेर पडणारा वायू कॉस्टिक सोड्याने मारण्याची यंत्रणा बंद ठेवलेली. तो जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याच्या पाइपचा तुकडा दुरुस्तीसाठी काढलेला. पाण्याचे फवारे मात्र सुरू होतात. वायू सुटतो आहे तीस मीटरहून उंच नळीच्या तोंडातून, आणि पाणी तिथवर पोहोचत नाही.

12.50. भोंगा वाजतो.

भोंगे दोन होते, एक कारखान्यापुरता आणि एक वस्तीसाठी. पूर्वी ते एकत्र वाजत. 1982 मध्ये ते वेगळे केले गेले. किरकोळ गळतीने आसपासचे लोक उगाच घाबरू नयेत, हा त्यामागचा विचार. त्यामुळे आतला चालू ठेवून बाहेरचा बंद करता येई. त्या रात्री तेच झाले. वस्तीचा भोंगा थोडा वेळ वाजला आणि नियमाप्रमाणे बंद केला गेला.

आतल्या लोकांनी वाऱ्याची दिशा पाहिली आणि वाऱ्याच्या उलट धावले. समोरच्या जे. पी. नगरात, काझी कँपात, चोल्यात लोक खोकत जागे झाले आणि वाट फुटेल तिकडे, बरेचसे वाऱ्याबरोबरच, पळाले. वायू हवेहून जड, जमिनीलगत सरकणारा. तो मुलांच्या उंचीवर जास्त होता. पाण्याशी त्याची रासायनिक क्रिया होते, म्हणून नाकातोंडाला ओला फडका बांधला असता तर थोडाफार आडोसा मिळाला असता. बादली आणि फडका कुणाच्या घरात नव्हता? सांगणारे कुणी नव्हते.

1.00. चोल्यातून लोक पळत असल्याची खबर पोलीस अधीक्षकांना मिळते.

1.25 ते 2.10. पोलीस कारखान्याला फोन करतात. दोनदा उत्तर येते, सगळे ठीक आहे. शेवटच्या खेपेला उत्तर बदलते: काय झाले, आम्हालाच माहीत नाही.

याच सुमारास रेल्वे स्टेशनवर उपस्टेशन अधीक्षक गुलाम दस्तगीर यांना कसलीही खात्रीची माहिती नसते. तरी ते फलाटावर उभी असलेली प्रवासी गाडी वेळेआधी सोडतात आणि भोपाळकडे गाड्या पाठवू नका, असा निरोप जवळच्या स्टेशनांना देतात.

दोनच्या सुमारास. गळती थांबते. सुमारे 40 टन वायू बाहेर गेलेला आहे.

2.15. वस्तीचा भोंगा पुन्हा वाजतो, या वेळी बराच वेळ.

पहाट. हमीदिया रुग्णालयाच्या डॉक्टरांना आधी सांगितले जाते, अमोनिया असावा. नंतर सांगितले जाते, फॉस्जीन.

तत्काळ मृतांचा पहिला सरकारी आकडा 2,259. पुढे राज्य सरकारने तो 3,787 केला. हेही कमीच, असे भोपाळमध्ये आजही म्हणतात.

16 डिसेंबर. उरलेले मिथाइल आयसोसायनेट कारखान्यातच वापरून संपवायला सुरुवात होते. मोहिमेचे नाव ‘ऑपरेशन फेथ’. तारीख आधी जाहीर केलेली आहे. धोका नाही, असे सरकार सांगते. तरीही लाखो माणसे शहर सोडून गेलेली आहेत. कारखान्याच्या कुंपणाला ओले कापड गुंडाळले जाते. वरून हेलिकॉप्टर पाणी फवारते.