समोर कोणी आहे ना?

अम्मी पहिल्यांदा विमानात बसली तेव्हा हळूच म्हणाली, ‘‘ड्रायव्हर दिसत नाही रे! आहे ना?’’ मी हसलो. पण मित्रहो, हा प्रश्न जुनाच आहे.

१८ जून १९१४ रोजी पॅरिसजवळ सीन नदीवर २१ वर्षांच्या लॉरेन्स स्पेरीने उडत्या विमानात दोन्ही हात वर केले. त्याचा मेकॅनिक चक्क पंखावर चालत गेला. तरी विमान पडलं नाही. गरगर फिरणारे गायरोस्कोप तोल सावरत होते.

मग वैमानिक हवा कशाला? आज बहुतेक प्रवास ऑटोपायलटवरच होतो. पण १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कवर पक्षी आदळून एका विमानाची दोन्ही इंजिनं निकामी झाली. धावपट्टी गाठता येणार नाही, हे ओळखून कॅप्टन सलेनबर्गर यांनी विमान हडसन नदीत उतरवलं. तोल राखायला संगणकाची साथ होती. नदीचा निर्णय माणसाचा होता, तोही साडेतीन मिनिटांच्या आत. सगळे १५५ जण वाचले.

पाणी आत शिरत असताना हा माणूस रिकाम्या आसनांमधून दोनदा फिरला. कोणी मागे राहिलं नाही ना, एवढंच पाहायला. अम्मी विचारत होती, ते याच माणसाबद्दल.