तारळ्याची पत्रे

मोऱ्याच्या धक्क्यावरून लाँच सुटली की उजव्या हाताला घारापुरी दिसते आणि तासाभरात माझगावचा भाऊचा धक्का येतो. उरणकर म्हणून ही वाट मला पाठ. पण याच माझगावात, ‘तारळा’ नावाच्या बंगल्यात, पुस्तकांसाठी झुरणारा एक न्यायाधीश राहत होता, हे त्याची खासगी पत्रे वाचीपर्यंत मला ठाऊक नव्हते.

सर जेम्स मॅकिंटॉश त्याचे नाव. १८०४ च्या मे महिन्यात तो मुंबईचा रेकॉर्डर, म्हणजे न्यायाधीश, होऊन आला आणि १८११ त परतला. इथल्या गोऱ्या मंडळींच्या जेवणावळी त्याला नीरस वाटत. मग रिचर्ड शार्पसारख्या विलायतेतील मित्रांशी तो पत्रांतून गप्पा मारी. आफ्रिकेला वळसा घालणारे जहाज पाच-सहा महिने घेई. म्हणजे प्रश्नाचे उत्तर यायला वर्ष! आमच्याकडे मनीऑर्डर दोन दिवस लांबली तर पोस्टमनची धडगत नसे.

या पत्रांतले एक मला विसरता येत नाही. रॉबर्ट हॉल हा त्याचा कॉलेजातला सोबती, नामांकित धर्मोपदेशक. त्याचे चित्त भ्रमले होते, पुढे तो सावरला. १८०५ च्या सप्टेंबरात मॅकिंटॉशने त्याला धीर दिला : फार उंच आदर्शांचा ध्यास घेतला की भोवतालचे जग नकोसे होते, सांभाळ. पत्र समुद्रावर असतानाच हॉलला पुन्हा भ्रम झाला.

असे हळवे मन, पण मराठीकडे मात्र पाठ! त्याच वर्षांत पुण्याकडे राम जोशी, अनंत फंदी गात होते. १८०५ साली मराठीचे छापील व्याकरण निघाले, तेही दूर बंगालात, केरीच्या श्रीरामपुरी. मॅकिंटॉश विलायतेच्या टपालाची वाट पाहत बसला. तरी न्याय करायचा तर, २६ नोव्हेंबर १८०४ ला परळ येथे लिटररी सोसायटी त्यानेच स्थापिली. टाउन हॉलमधली आजची एशियाटिक सोसायटी ती हीच.

त्याचा जावई विल्यम अर्स्किन या सोसायटीचा पहिला चिटणीस. तो मात्र होडीत बसून समोरच्या बेटावर गेला. घारापुरीच्या लेण्यांवरचा त्याचा विस्तृत निबंध सोसायटीच्या १८१९ च्या पहिल्या खंडात आहे. सासऱ्याच्या खिडकीतून दिसणारे ते बेट आज आमच्या उरण तालुक्यात मोडते.