फारकतीनंतर काय? : ब्रिटनपुढचे मार्ग



मी इतिहासाचा पंडित नव्हे. दहावीनंतर शाळा सुटली. पुढचे शिक्षण झाले ते कारखान्याच्या दारावर आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा ब्रिटनने युरोपीय संघ सोडला, या घटनेकडे मी पाहणार आहे तो कामगार चळवळीतल्या माणसाच्या नजरेने.

आरंभी एक घरचा दाखला देतो. पंचवीस वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका कारखान्यातील युनियनने मध्यवर्ती महासंघातून बाहेर पडण्याचा ठराव केला. ठराव मांडणाऱ्यांत मीही होतो. वर्गणी वर जाते आणि निर्णय वरून येतात, ही आमची तक्रार. आणि ती खोटी नव्हती. ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. पुढे वेतनकराराची बोलणी निघाली तेव्हा ध्यानात आले की, वकील महासंघाचे, जुन्या करारांच्या फायली महासंघाच्या कचेरीत, आणि शेजारच्या कारखान्यांचा पाठिंबा तोही महासंघामुळेच. बाहेर पडावे की नाही यावर आम्ही तीन महिने भांडलो होतो. बाहेर पडून काय करायचे यावर एक संध्याकाळही दिली नव्हती. त्या वर्षीचा करार कमी पैशांवर झाला, आणि ती कमी टाळ्या वाजवणाऱ्यांच्या पगारातूनच गेली. एका मोठ्या राष्ट्राचे नेमके असेच कसे झाले, ते आता पाहू.

१९५७ साली रोमच्या तहाने फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, हॉलंड आणि लक्झेम्बर्ग या सहा देशांनी सामायिक बाजारपेठ उभारली, तेव्हा ब्रिटन बाहेर राहिले. १९६० मध्ये त्याने इतर सहा देशांना घेऊन मुक्त व्यापाराची वेगळी चूल मांडली. पण १९६१ सालीच मॅकमिलन सरकारने पहिल्या घरात प्रवेशासाठी अर्ज केला. त्या वेळी भारतालाही घोर लागला होता. आपला माल राष्ट्रकुलाच्या सवलतीने ब्रिटनमध्ये जात असे, आणि १९६२ च्या लंडन येथील राष्ट्रकुल परिषदेत पंडित नेहरूंनी ही चिंता बोलून दाखवली होती. द गॉल यांनी १९६३ आणि १९६७ असे दोनदा दार लावून घेतले. अखेर १ जानेवारी १९७३ रोजी ब्रिटनचा प्रवेश झाला, आणि १९७५ च्या सार्वमतात ६७ टक्के मतदारांनी तो उचलून धरला.

त्या १९७५ सालच्या सार्वमतात ब्रिटिश कामगार संघटनांची मध्यवर्ती काँग्रेस बाहेर पडण्याच्या बाजूची होती. ही भांडवलवाल्यांची बाजारपेठ आहे, असे तिचे म्हणणे. पुढे थॅचरबाईंच्या राजवटीत संघटनांचे कंबरडे मोडले. १९८८ साली युरोपीय आयोगाचे अध्यक्ष जाक दलोर यांनी बोर्नमथच्या अधिवेशनात येऊन सामाजिक हक्कांचे आश्वासन दिले, तेव्हा तेच प्रतिनिधी युरोपकडे आशेने पाहू लागले. आशा सर्वस्वी फोल ठरली नाही. आठवड्याला सरासरी ४८ तासांची मर्यादा आणि भरपगारी रजा देणारा १९९३ चा युरोपीय दंडक हुजूर पक्षाच्या सरकारने न्यायालयात आव्हानित केला; १९९६ साली ते हरले, आणि १९९८ मध्ये मजूर पक्षाच्या सरकारने तो अमलात आणला. पण त्याच न्यायालयाने २००७ साली दोन गाजलेल्या खटल्यांत संपाच्या हक्काला मालकाच्या व्यापारस्वातंत्र्यापुढे मुरड घातली, हेही विसरता येत नाही. सारांश, संघ कामगारांचा मायबाप नव्हता आणि वैरीही नव्हता. तो झगडण्याचा एक आखाडा होता.

२३ जून २०१६ रोजी ५१.९ टक्के मतदारांनी बाहेर पडण्याचा कौल दिला. या मतदारांना अडाणी म्हणून मोकळे होणारे पुष्कळ आहेत. मी त्यांतला नव्हे. ज्या गावांतल्या खाणी आणि गिरण्या बंद पडल्या, तिथे पुन्हा कोणी फिरकले नाही. २००४ नंतर पूर्व युरोपातून कामगार आले, त्यांच्या नावाने मालकाने मजुरी दाबली की सरकारने कायदा ढिला ठेवला, याचा हिशेब कोणी दिला नाही. तक्रार खरी होती. परंतु मतपत्रिकेवर प्रश्न एकच होता : राहावे की निघावे? निघून कुठे जावे, हा प्रश्न तिच्यावर नव्हता.

आणि वाटा तर अनेक होत्या. पहिली नॉर्वेची. नॉर्वेच्या जनतेने १९७२ आणि १९९४ अशी दोनदा सदस्यता नाकारली. तरीही तो देश संघाच्या बाजारपेठेत आहे. मासेमारी आणि शेती त्याने आपल्या हाती ठेवली. उलट पैसे भरावे लागतात, माणसांची ये-जा मोकळी ठेवावी लागते आणि नियम पाळावे लागतात. ते नियम ठरवताना मत मात्र नाही. दुसरी स्वित्झर्लंडची : शंभरांहून अधिक सुट्या करारांची, अखंड वाटाघाटींची. तिसरी तुर्कस्तानची : १९९६ पासून कारखान्याच्या मालापुरता जकात-संघ; पण बाहेरच्या देशांशी जकात ठरवण्याची मोकळीक त्यात उरत नाही. चौथी कॅनडाची : साधा व्यापारकरार, बंधने थोडी, आणि बाजारपेठेतला शिरकावही थोडा. पाचवी म्हणजे कोणताच करार न करणे. यापूर्वी बाहेर पडलेल्या ग्रीनलँडचेही उदाहरण होते. १९८२ साली तिथे सार्वमत झाले, १९८५ मध्ये ते बेट बाहेर पडले; पण त्याच्यापुढे मुख्य प्रश्न एकच होता, माशांचा, आणि तेवढ्यासाठीही वाटाघाटींना तीन वर्षे लागली.

ब्रिटनची संसद मात्र या वाटांचा विचार करायला बसली ती कौल लागून पावणेतीन वर्षे झाल्यावर. २७ मार्च २०१९ रोजी कॉमन्स सभागृहापुढे आठ पर्याय मतदानास आले. एकालाही बहुमत मिळाले नाही. १ एप्रिल रोजी पुन्हा चार आले. जकात-संघाचा पर्याय २७३ विरुद्ध २७६, म्हणजे अवघ्या तीन मतांनी पडला. निघण्यावर बहुमत होते, जाण्याच्या ठिकाणावर नव्हते. अखेर ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन बाहेर पडले, आणि वर्षअखेरीस बहुतांशी कॅनडाच्या वाटेचा करार झाला. आयर्लंड बेटावर पुन्हा सरहद्द उभी राहू नये म्हणून उत्तर आयर्लंडला मालापुरते युरोपीय नियमांत ठेवावे लागले. त्यामुळे एकाच राज्याच्या दोन भागांत तपासणी आली.

किंमत कोणी दिली? सरकारी अंदाजपत्रकाची स्वतंत्र छाननी करणाऱ्या ब्रिटिश कार्यालयाचा अंदाज असा की, संघात राहिले असते त्याच्या तुलनेत देशाची उत्पादकता दीर्घकाळात ४ टक्के कमी राहील. ज्यांना परक्या मजुराची स्पर्धा नको होती, त्यांनी काय पाहिले? २०२१ च्या शरद ऋतूत ट्रकचालक मिळेनात म्हणून सरकारने ५,००० तात्पुरते परवाने काढले. जून २०२३ अखेरच्या वर्षात देशात आलेल्यांची निव्वळ संख्या ९ लाखांच्या वर गेली. पोलंडच्या जागी आता भारत आणि नायजेरियाची माणसे आली. त्यांतल्या अनेकांचा परवाना मालकाच्या नावाशी बांधलेला. नोकरी गेली की देशही जातो. अशा माणसाला युनियनमध्ये आणणे किती कठीण, हे मला सांगायला नको.

आपल्याशी थेट नाते सांगणारे एक ठिकाण आहे : वेल्समधले पोर्ट टालबट. तिथला पोलाद कारखाना २००७ पासून मुंबईच्या टाटांकडे आहे. त्या परगण्याने २०१६ साली बाहेर पडण्याचा कौल दिला. २०२४ मध्ये तिथल्या दोन्ही झोतभट्ट्या बंद झाल्या. जुन्या भट्ट्या, तोटा आणि जगातले स्वस्त पोलाद ही त्याची कारणे. सारे खापर सार्वमतावर फोडणे अन्यायाचे होईल. पण ऑक्टोबर २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने बाहेरच्या पोलादाचा कोटा जवळजवळ निम्मा करून त्यावरील मालाला ५० टक्के जकात लावण्याचा प्रस्ताव मांडला, तेव्हा त्यातून नॉर्वेला वगळले, ब्रिटनला नाही. भिंतीच्या आत असणे म्हणजे काय, ते अशा वेळी कळते.

मग आता पुढे काय? दूरच्या सोयरिकी ब्रिटनने जोडल्या आहेत : डिसेंबर २०२४ मध्ये ते पॅसिफिक व्यापारगटात सामील झाले, जुलै २०२५ मध्ये त्याने भारताशी करार केला. या सोयरिकी कामाच्या आहेत. पण दाराशेजारच्या बाजाराची जागा त्या घेत नाहीत. म्हणून मे २०२५ मध्ये लंडनला युरोपशी पुन्हा बोलणी झाली. युरोपीय बोटींना ब्रिटिश समुद्रातील मासेमारी २०३८ पर्यंत मोकळी राहिली, आणि अन्नपदार्थांच्या व्यापारातील अडथळे काढण्यासाठी युरोपचे नियम पाळण्याच्या दिशेने पावले पडली. म्हणजे नॉर्वेची किंमत तुकड्यातुकड्यांनी, आणि माल स्वित्झर्लंडच्या पद्धतीने. जकात-संघ आणि पुनःप्रवेश याही वाटा बुजलेल्या नाहीत. पण सत्तावीस देशांची संमती लागेल, आणि जुन्या सवलती मागून मिळतील असे नाही.

मी राहण्याचा पक्ष घेत नाही की निघण्याचा. जे घर आपले ऐकत नाही ते सोडण्याचा हक्क राष्ट्राला आहे, युनियनलाही आहे. पण नियम आपले हवेत, बाजार त्यांचा हवा आणि किंमत कोणीच देऊ नये, असा मार्ग कोणत्याही नकाशावर नाही. किंमत कोणीतरी देतेच; आणि ती आधी ठरली नाही, तर ती सभेला नसलेल्या माणसावर पडते. आमच्या त्या कारखान्यात पुन्हा तसा ठराव आला, तेव्हा मी उभा राहून एवढेच म्हणालो : ठरावाखाली दुसरा कागद जोडा, निघून कुठे जायचे, काय द्यायचे, आणि ते कोणी द्यायचे. मग हात वर करा.