नोटिशीच्या माथी फोडलेले खापर

कारभार गतिमान करायचा तर नोटीस, सुनावणी आणि सकारण आदेश ही लोढणी हलकी करा, असे मत हल्ली फार आदराने ऐकले जाते. हा पूर्वपक्ष अगदीच पोकळ नाही. महसुली सुनावण्यांना तारखांचा रोग जडला आहे, हे कोणताही पक्षकार सांगेल. वकील गैरहजर, साहेब दौऱ्यावर, पुढची तारीख. पण यावरून न्याय्य पद्धत आणि वेग यांचे हाडवैर आहे असा निष्कर्ष काढणे म्हणजे दुखणे एकीकडे आणि शस्त्रक्रिया भलतीकडे.

अंधेरीच्या एका चित्रपटगृहाची गोष्ट पाहा. 1947 साली मुंबईच्या पोलीस आयुक्तांनी बांधकामाला परवानगी दिली. पुढे सरकारकडून सूचना आली आणि काही आठवड्यांतच ही परवानगी रद्द झाली. वेग वाखाणण्याजोगा! गोरधनदास भानजी यांच्या नावाने ओळखला जाणारा हा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. कायद्याने अधिकार आयुक्तांना दिला होता, निर्णय मात्र दुसऱ्याच कुणी घेतला होता. आदेश काढताना मनात काय होते याचा खुलासा अधिकाऱ्याने मागाहून करून आदेशाचा अर्थ बदलता येत नाही, असे न्यायालयाने 1951 मध्ये बजावले. आयुक्तांनी स्वतः विचार करून निर्णय द्यावा, असा आदेश झाला. म्हणजे चार वर्षांनी प्रकरण पुन्हा त्याच टेबलावर! मोहिंदरसिंग गिल खटल्यात 1977 साली न्या. कृष्णा अय्यर यांनी याच निकालाचा आधार घेतला. आदेशातली कारणे नंतरच्या प्रतिज्ञापत्राने वाढवता येत नाहीत, हे तत्त्व तेव्हापासून पक्के झाले. एका ओळीत ‘अर्ज नामंजूर’ लिहिणाऱ्या अधिकाऱ्याचे दोन तास वाचतात, पण त्याचा आदेश अपिलात लंगडा पडतो.

दुसरे उदाहरण अधिक कडवट आहे. जुलै 1981 मध्ये, ऐन पावसाळ्यात, मुख्यमंत्री अंतुले यांनी मुंबईच्या पदपथांवरील रहिवाशांना हटवण्याची घोषणा केली. महापालिका अधिनियमाच्या कलम 314 नुसार नोटिशीची गरज नाही, असा पालिकेचा पवित्रा होता. या कारवाईला आव्हान देणाऱ्या ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल जुलै 1985 मध्ये लागला. हे कलम नोटीस वगळण्याची मुभा देते, नोटीस वगळलीच पाहिजे असे म्हणत नाही, असे सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी स्पष्ट केले. अतिक्रमण करणाऱ्यांकडे सांगण्यासारखे असणारच काय, हा युक्तिवादही त्यांनी फेटाळला. त्या खटल्यात उपजीविकेचा मोठा प्रश्न गुंतलेला होता, त्यामुळे चारही वर्षांचा हिशेब नोटिशीच्या खात्यावर टाकता येणार नाही. शिवाय तत्त्व जिंकले तरी माणसे हरली: पदपथ आणि रस्ते मोकळे करायला न्यायालयाने अखेर परवानगी दिलीच, फक्त पावसाळा सरेपर्यंत सवलत देऊन. तरीही, नोटीस टाळल्याने पालिकेचा वेळ नक्की कुठे वाचला?

गावपातळीवर तर हे रोज दिसते. जमीन महसूल संहितेच्या कलम 150 प्रमाणे फेरफाराची नोंद झाली की चावडीवर प्रत लागते आणि हितसंबंधितांना नोटीस जाते. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. आली तर प्रकरण तक्रारी नोंदवहीत जाते. ही चाळणी आहे. बिनविरोध नोंदी वेगाने सुटाव्यात आणि भांडणे पायरीवरच कळावीत, हा तिचा हेतू. बहिणीला नोटीस न बजावता भावांच्या नावे नोंद केली, तर ती दहा वर्षांनीही उकरली जाऊ शकते. मग प्रांताकडे अपील, त्यावर दुसरे अपील, आणि शेवटी फेरचौकशीसाठी प्रकरण परत.

राज्याच्या 2005 च्या दप्तर दिरंगाईविरोधी कायद्याचे निदान या मानाने अचूक होते: एका कर्मचाऱ्याकडे फाइल सात कार्यालयीन दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये. कालहरण टेबलाटेबलांमध्ये होते, हे त्यात गृहीत आहे. तारखांच्या रोगावरही उपाय आहेतच. प्रत्येक सुनावणीला न्यायालयाची नक्कल करायचे कारण नाही. साध्या प्रकरणात लेखी म्हणणे आणि त्याला मुद्देसूद उत्तर पुरते. मुदतवाढ एकदाच, तीही कारण नोंदवून.

2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याने मुदती बांधल्या, हे चांगलेच झाले. पण मुदतीच्या शेवटच्या दिवशी ‘त्रुटी’चा शेरा मारून परत केलेला अर्जही निकाली अर्जांत मोजला गेला, तर वेगाचा आकडा फुगतो आणि अर्जदाराच्या हाती काहीच पडत नाही. तेव्हा निकाली प्रकरणांच्या तक्त्यात आणखी दोन रकाने हवेत: किती अर्ज फेटाळले, आणि त्यांपैकी किती आदेश अपिलात उलटले.