थ्रेड : कोयनेची वीज, किर्लोस्करवाडीचा पंप आणि सातारा-सांगलीचे ग्राफिक्स कार्ड

आज ग्राफिक्स कार्ड निवडणारा तरुण आधी फ्रेम्सचा आकडा पाहतो, मग किंमत आणि शेवटी कंपनी. वीस वर्षांपूर्वी सातारा, कराड, विटा किंवा मिरज येथे हा क्रम वेगळा होता. तेथे पहिला प्रश्न असे, "लाइट किती वाजता जाते?" संगणकाच्या प्रचलित इतिहासात या प्रश्नाची नोंद सापडत नाही. तो इतिहास जेथे लिहिला गेला, तेथे लाइट जात नव्हती.

पार्श्वभूमी थोडक्यात पाहू. १९९६ मध्ये थ्रीडीएफएक्स या अमेरिकी कंपनीचे व्हूडू कार्ड बाजारात आले. ते एकटे चालत नसे. साधे चित्र दाखवणारे जुने कार्ड संगणकात ठेवावे लागे आणि दोहोंना जोडणारी केबल मागच्या बाजूने लावावी लागे. १९९९ मध्ये एनव्हिडियाने जीफोर्स २५६ आणले आणि 'जीपीयू' हा शब्द रूढ केला. भारताने १९९७ मध्ये माहिती-तंत्रज्ञान व्यापार करारात प्रवेश केला होता, त्यामुळे संगणकाच्या सुट्या भागांवरील आयात शुल्क २००५ पर्यंत टप्प्याटप्प्याने शून्यावर आले. मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्याची तपकीर गल्ली ही त्या मालाची मराठी मुलखातील मोठी ठाणी होती. साताऱ्याहून पुणे सुमारे ११० किलोमीटर आणि सांगलीहून त्याच्या दुप्पट. खरेदीसाठी एसटीने जायचे आणि रात्रीपर्यंत परतायचे. घरी आल्यावर कार्ड बसत नाही असे लक्षात आले, तर तीच वारी पुन्हा.

कार्ड न बसण्याचे प्रकार पुष्कळ होत. त्यातील सर्वांत क्रूर प्रकार एका इंग्रजी अक्षरात दडलेला होता. इंटेलच्या ८४५जी आणि ८६५जी या चिपसेटच्या मदरबोर्डवर ग्राफिक्स कार्डसाठी एजीपी नावाचा स्लॉट असे. ८४५जीव्ही आणि ८६५जीव्ही हे त्यांचे स्वस्त भाऊ, आणि त्यांना एजीपीची सोयच नव्हती. संगणक घेताना वडिलांनी काही रुपये वाचवले, की मुलाच्या पुढच्या अपग्रेडचे दार त्याच दिवशी बंद होई. हे त्या घरात कोणाच्या गावीही नसे. दोन वर्षांनी कॅबिनेट उघडले जाई तेव्हाच तो 'व्ही' बोलू लागे.

ज्यांच्याकडे एजीपी होता त्यांनाही काळाने फार सवलत दिली नाही. जून २००४ मध्ये आलेल्या इंटेलच्या ९१५ चिपसेटने एजीपी काढून त्या जागी पीसीआय एक्सप्रेस आणले. आता नवे कार्ड म्हणजे नवा मदरबोर्ड, आणि तो घेतला की बहुधा नवी रॅमसुद्धा. दिल्ली-मुंबईचा माल तालुक्याच्या दुकानात पोहोचेपर्यंत काही काळ जातो. त्या अवधीत जुना स्लॉट असलेला नवा कोरा संगणक अनेक घरांत आला.

नावांची फसवणूकही याच काळातली. २००२ चे जीफोर्स४ एमएक्स ४४० हे कार्ड नावाने चौथ्या पिढीचे, परंतु अंतरंगाने दुसऱ्या पिढीच्या जवळचे होते. तिसऱ्या पिढीत आलेली पिक्सेल शेडरची क्षमता त्यात नव्हती. 'व्हाइस सिटी'सारखा २००३ चा गेम ३२ एमबीच्या कार्डावरही चालत असल्याने ही उणीव पुष्कळ दिवस लपून राहिली. पुढे शेडरशिवाय सुरूच न होणारे गेम आले आणि खोक्यावरचा चारचा आकडा निरुपयोगी ठरला.

आता विजेकडे वळू, कारण या प्रदेशाची गोष्ट खरी तेथे सुरू होते.

कोयना धरण सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यात आहे. पूर्वेकडे वाहणाऱ्या कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला, चिपळूणच्या बाजूस सोडून वीज निर्माण करण्याची ही योजना. १९६२ मध्ये तिची पहिली वीज आली आणि पुढील टप्प्यांनंतर तिची क्षमता १९६० मेगावॅट झाली. संध्याकाळी राज्याची मागणी एकदम चढते, तेव्हा चटकन सुरू करता येणारी वीज म्हणून कोयनेचा आधार घेतला जातो. धरणासाठी गावे उठली ती सातारा जिल्ह्यातील. आणि नेमक्या त्याच संध्याकाळी अंधारात बसणाऱ्या गावांत साताऱ्याचीही गावे होती.

दाभोळचा प्रकल्प २००१ मध्ये बंद पडला. वीज मंडळाचे ६ जून २००५ रोजी विभाजन होऊन वितरणाचे काम महावितरणकडे आले. मागणी आणि पुरवठा यांतील दरी त्या वर्षांत चार हजार मेगावॅटच्या पुढे गेली होती. जून २००६ मध्ये पुणे शहरात 'पुणे मॉडेल' लागू झाले. उद्योगांनी स्वतःची जनित्रे चालवायची, त्यातून वाचलेली वीज शहराला द्यायची आणि त्याचा जादा खर्च ग्राहकांनी अधिभार म्हणून सोसायचा, अशी ती व्यवस्था होती. पुणे भारनियमनातून सुटले. ११० किलोमीटरवरच्या कोयनेच्या जिल्ह्यात वेळापत्रक चालूच राहिले आणि ग्रामीण भागात ते दिवसातले कित्येक तास खाऊन जाई. उन्हाळ्यात ते सर्वांत कडक असे. परीक्षा संपून मुले मोकळी होत तीही उन्हाळ्यातच.

याचा कार्डाशी संबंध समजून घ्यायचा तर थोडे गणित करावे लागते. घरोघरी असे तो ६०० व्हीएचा यूपीएस. खोक्यावर ६०० लिहिलेले असले तरी प्रत्यक्षात तो सुमारे ३६० वॅटच पेलू शकतो. आतली बॅटरी बहुधा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची, म्हणजे नवी असताना ८४ वॅट-तास. पेंटियम ४ प्रोसेसर भरात असताना १०० वॅटच्या आसपास घेई, सतरा इंची काचेचा मॉनिटर सुमारे ७५. मदरबोर्ड, हार्ड डिस्क आणि पंखे निराळे. त्यात २००७ च्या ऑक्टोबरातले जीफोर्स ८८०० जीटी घातले, तर आणखी १०५ वॅट. बेरीज यूपीएसच्या काठावर जाऊन थांबते. लाइट गेली की असा यूपीएस दोन-चार मिनिटे तग धरी, किंवा किंचाळून त्याच क्षणी बंद पडे. कार्डाशिवायचा संगणक त्याच बॅटरीवर गेम सेव्ह करून नीट बंद करण्याइतका वेळ देई. उत्तम कार्ड आणि सुरक्षित संगणक यांतून एकाचीच निवड करायची होती.

सांगलीकडे अडचणीचे रूप थोडे निराळे होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये ज्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली, ती आज सांगली जिल्ह्यात आहे. तिथला नांगर प्रसिद्ध आहेच, पण कृष्णाकाठ बदलला तो पंपाने. ऊस आणि तासगावची द्राक्षे यांच्यामागे हजारो शेतीपंपांचा भार उभा आहे. एकाच ट्रान्सफॉर्मरवर पंप आणि घरे असली की पंप सुरू होताच घरातला दिवा पिवळा पडतो. म्हणजे येथे वीज असतानाही पुरेशी नसे. स्वस्त यूपीएस व्होल्टेज घसरले की बॅटरीवर जाई, पुन्हा मूळ पुरवठ्यावर येई आणि दिवसभर हा खेळ चालू राहिल्याने वर्षा-दीड वर्षात बॅटरी मरे. महावितरणने याच काळात अक्षय प्रकाश योजना आणली. संध्याकाळी गावाने स्वखुशीने जड उपकरणे बंद ठेवायची आणि त्या बदल्यात घरांना दिवे-पंख्यांपुरती वीज मिळायची. पुढे गावठाणाचे फीडर शेतीपासून वेगळे करण्याचे कामही झाले. गेमिंगच्या इतिहासात या योजनांची नावे कोणी घेत नाही. वास्तविक या भागातील संगणकांना स्थिर व्होल्टेज मिळाले ते बऱ्याच अंशी त्यांच्यामुळेच.

या परिस्थितीत कार्डांची एक वेगळीच वंशावळ महत्त्वाची ठरते. पीसीआय एक्सप्रेसचा स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट देतो. त्याहून भुकेल्या कार्डाला एसएमपीएसमधून स्वतंत्र वायर लागते. सहा पिनांची असेल तर आणखी ७५ वॅट, आठ पिनांची असेल तर १५०. केवळ स्लॉटवर जगणारी आणि तरीही खेळण्याजोगी कार्डे दर एक-दोन वर्षांनी येत राहिली. सप्टेंबर २००८ चे रेडिऑन एचडी ४६७० सुमारे ६० वॅटचे. त्यानंतर एचडी ५६७०, एचडी ६६७० आणि २०१२ चे एचडी ७७५०. मग १८ फेब्रुवारी २०१४ रोजी आलेले जीटीएक्स ७५० टीआय, तेही ६० वॅटचेच. तीन वर्षांपूर्वीचे ११६ वॅटचे जीटीएक्स ५५० टीआय त्याने निम्म्या विजेत मागे टाकले. जगभरच्या परीक्षणांत ही कार्डे 'बजेट' या शीर्षकाखाली, जरा खालच्या सुरात येत. सातारा-सांगलीच्या दृष्टीने मात्र हीच त्या काळातील प्रमुख कार्डे होत.

जे वायरवाल्या कार्डाकडे गेले त्यांची गाठ एसएमपीएसशी पडली. कॅबिनेटबरोबर येणाऱ्या स्वस्त एसएमपीएसवर ४५० वॅट छापलेले असे. प्रश्न त्यातले किती वॅट १२ व्होल्टच्या वाटेने येतात हा होता, कारण नवी कार्डे आपली बहुतेक भूक तेथेच भागवतात. जुन्या धाटणीच्या एसएमपीएसची ताकद ३.३ आणि ५ व्होल्टमध्ये वाटली गेलेली असे. कार्डाच्या खोक्यात दोन जुन्या चार पिनांच्या वायरींची एक सहा पिनांची वायर करणारा जोड मिळे. तो बसे, संगणक सुरूही होई, आणि गेममध्ये पहिला मोठा स्फोट पडद्यावर आला की सारेच बंद पडे. दोष कार्डाला दिला जाई. शहाण्याने मग चांगला, ॲक्टिव्ह पीएफसी असलेला एसएमपीएस घ्यावा, तर त्याचे स्वस्त यूपीएसच्या आणि चौकोनी लहरींच्या इन्व्हर्टरशी पटत नसे. लाइट जाताच संगणक रीस्टार्ट. एक वस्तू सुधारली की शेजारची उघडी पडे.

एका सुधारणेने मात्र न मागता मदत केली. काचेचा मॉनिटर जाऊन एलसीडी आला तेव्हा यूपीएसवरचे चाळीस-पन्नास वॅट मोकळे झाले. एसएमपीएसला त्याचा काही उपयोग नव्हता, मॉनिटरची वीज त्यातून जातच नाही. परंतु लाइट गेल्यावरची ती मिनिटे वाढली. टेबलावरची जागा वाचावी म्हणून घेतलेला मॉनिटर हा असा नकळत केलेला ग्राफिक्स अपग्रेडच होता.

दुकानात विचारला जाणारा "किती जीबीचे?" हा प्रश्न आजही मेलेला नाही. मेमरीचा आकडा मोठा असला तरी तिचा वेग आणि रुंदी कमी असेल तर कार्ड मंदच राहते. २०१४ चे जीटी ७३० एकाच नावाखाली दोन निरनिराळ्या पिढ्यांच्या चिप आणि निरनिराळ्या मेमरी घेऊन विकले गेले. जीटी १०३० चा प्रकार याहून वाईट. २०१७ च्या मूळ कार्डात जीडीडीआर५ मेमरी होती. पुढच्या वर्षी त्याच नावाने डीडीआर४ची आवृत्ती आली आणि मेमरीचा वेग सेकंदाला ४८ जीबीवरून जेमतेम १७ जीबीवर उतरला. नाव तेच, दोन जीबीही तेच.

२०१२ नंतर भारनियमन हळूहळू ओसरले. नेमक्या त्या सुमारास स्मार्टफोन आला, ज्याची बॅटरी त्याच्या पोटातच होती. २०१८ मध्ये पबजी मोबाइल आल्यावर गावोगावची मुले यूपीएस, एसएमपीएस आणि स्लॉट या तिन्ही अडचणींना वळसा घालून खेळू लागली. २ सप्टेंबर २०२० रोजी त्यावर बंदी आली, तेव्हा संगणकाकडे परतू पाहणाऱ्यांना कार्डेच मिळेनात. करोनाकाळातील टंचाई आणि इथेरियमचे खाणकाम यांनी किमती मूळ दराच्या कितीतरी वर नेल्या. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने कार्डांवरचे खाणकाम संपवले आणि वापरलेल्या कार्डांचे लोंढे सेकंडहँड बाजारात आले. वीस वर्षांत प्रथमच कराडचा विद्यार्थी विजेचा विचार न करता केवळ किमतीचा विचार करत होता.

स्लॉटवर जगणाऱ्या कार्डांचा वंश आता विरळ झाला आहे. फेब्रुवारी २०२४ चे ७० वॅटचे आरटीएक्स ३०५०, सहा जीबीचे, हे त्यातले अलीकडचे एक नाव. दुसऱ्या टोकाला २०२२ चे आरटीएक्स ४०९० उभे आहे. ते एकटेच ४५० वॅट मागते. २००७ मध्ये सातारच्या घरात प्रोसेसर, मॉनिटर, हार्ड डिस्क आणि कार्ड मिळून ज्या यूपीएसवर चालत, तो ३६० वॅटचा होता.