‘संशयकल्लोळ’ने कोणती सीमा ओलांडली?

मराठी रंगभूमीचा इतिहास लिहिताना युरोपीय नाटकांच्या रूपांतरांचा उल्लेख अभिमानाने केला जातो. हा अभिमान एकदा तपासला पाहिजे. नाटक देशाच्या आणि भाषेच्या सीमा ओलांडते हे खरे. पण ते कोणत्या सीमेपाशी थांबते, हा प्रश्न आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे.

गोविंद बल्लाळ देवलांचे ‘संशयकल्लोळ’ घ्या. १६६० साली पॅरिसमध्ये मोलिएरने ‘स्गानारेल’ हे प्रहसन रंगभूमीवर आणले. त्याच नाट्यगृहात इटालियन नटांची मंडळीही खेळ करीत असे. मुखवटे घालून आयत्या वेळी संवाद रचणाऱ्या या नटांकडून मोलिएर पुष्कळ शिकला. फ्रान्समध्येही तेव्हा नटाचा धंदा हीन मानला जाई. १६७३ साली मोलिएर वारला तेव्हा चर्चने दफनविधी नाकारला. राजाने मध्यस्थी केल्यावर रात्री दफन झाले. या प्रहसनावरून १७६१ साली आर्थर मर्फीने इंग्रजी नाटक केले. त्यावरून देवलांनी १८९३ साली ‘फाल्गुनराव’ लिहिले आणि १९१६ साली पदे घालून त्याचेच ‘संगीत संशयकल्लोळ’ झाले. हाती लागलेली तसबीर आणि तिच्यावरून माजणारा संशय तीन भाषांतून सुखरूप आला.

बदलली ती नायिका. फ्रेंच नाटकात ती पॅरिसच्या एका प्रतिष्ठित गृहस्थाची मुलगी आहे. मराठीत ती नायकिणीची मुलगी रेवती होते. याचे कारण, माझ्या मते, आपल्या विवाहव्यवस्थेत आहे. जातीतच आणि बालपणीच लग्न उरकणाऱ्या समाजात घरंदाज मुलीने स्वतः वर निवडणे प्रेक्षकांना पटले नसते. प्रेमाचे स्वातंत्र्य दाखवण्यासाठी नाटककाराला नायकिणीचे घर गाठावे लागले.

गंधर्व नाटक मंडळीत ही रेवती रंगवली बालगंधर्वांनी. नायकिणीच्या मुलीला नाटकात जागा मिळाली, पण त्या मंडळीच्या रंगमंचावर स्त्रीला नव्हती. महार समाजात जन्मलेली पवळा हिवरगावकर त्याआधीच पठ्ठे बापूरावांच्या तमाशात स्त्री म्हणून उभी राहिली होती. इटालियन नटांची कला समुद्र ओलांडून सभ्यांच्या नाट्यगृहात आली. पवळेच्या कलेला मात्र तेथे दार उघडले नाही.

जोतीराव फुल्यांच्या ‘तृतीय रत्न’ला तर भाषांतराचीही गरज नव्हती. १८५५ साली ते दक्षिणा प्राइज कमिटीपुढे गेले, नाकारले गेले, आणि १९७९ साली छापून आले. मराठी नाटकाला मराठी वाचकापर्यंत यायला १२४ वर्षे लागली!

धाराशिवसारख्या जिल्ह्यात नाट्यवाङ्मय शिकवणाऱ्यांनी देवलांचे श्रेय जरूर सांगावे. त्याच तासाला ‘तृतीय रत्न’ आणि पवळाही शिकवावी, आणि आपल्या तालुक्यांतील तमाशाचे फड व जलसे यांची माहिती विद्यार्थ्यांकडून गोळा करून घ्यावी. हे काम दुसरे कोणी करणार नाही.