प्रस्थानापूर्वीचीं पांच वर्षें

परदेशीं जावयास निघालेल्या तरुणाच्या घरीं पारपत्र, तिकीट, गरम कपडे आणि पैशांची तजवीज यांचीच चर्चा महिनेच्या महिने चाललेली असते. सामान बांधून झालें कीं तयारी संपली, अशी आपली सर्वसाधारण समजूत दिसते. परंतु १८८३ सालीं कलकत्त्याहून अमेरिकेस निघालेल्या आनंदीबाई जोशी यांची सिद्धता पाहिली म्हणजे सामानसुमान हा तींतील किती लहान भाग होता, हें ध्यानांत येतें. ज्या समाजास मागें ठेवून जावयाचें, त्याचें समाधान करणें हेंच तिचें मुख्य अंग होतें.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. नवव्या वर्षीं टपालखात्यांतील गोपाळराव जोशी यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. कोवळ्या वयांतच त्यांना पुत्र झाला, पण तो कांहीं दिवसांतच दगावला. पत्नीस शिकविण्याचा गोपाळरावांचा ध्यास मोठा होता. १८७८ सालीं त्यांनीं वाइल्डर नांवाच्या अमेरिकन मिशनऱ्यास पत्र लिहून तिकडे तिच्या शिक्षणाची सोय होईल काय, अशी विचारणा केली. आधीं ख्रिस्ती व्हावें, असा उत्तराचा मथितार्थ होता, आणि तो मार्ग उभयतांस मान्य नव्हता. तथापि हा पत्रव्यवहार वाइल्डर यांच्या मासिकांत छापला गेला व न्यू जर्सी प्रांतांतील रोझेल गांवच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंच्या वाचनांत आला. १८८० पासून त्यांचीं आणि आनंदीबाईंचीं पत्रें सुरू झालीं. कधींही न पाहिलेल्या या बाईंस आनंदीबाई मावशी म्हणूं लागल्या. परक्या भूमीवर उतरण्यापूर्वीं तेथें आपलें एक घर असावें, ही खरी तजवीज त्या तीन वर्षांच्या पत्रांनीं केली.

इकडे मात्र लोकापवादास ऊत आला होता. त्यास उत्तर म्हणून २४ फेब्रुवारी १८८३ रोजीं श्रीरामपूर येथील कॉलेजांत आनंदीबाईंनीं इंग्रजीत व्याख्यान दिलें. अठरा वर्षेंही पुरीं न झालेल्या या तरुणीनें लोकांचे आक्षेप प्रश्नरूपानें स्वतःच मांडले आणि एकेकाचा परामर्श घेतला. अमेरिकेसच कां? तर येथें स्त्रियांच्या वैद्यकीय शिक्षणाची सोय अपुरी, आणि स्त्रीवैद्यांची गरज तर फार मोठी. एकटीच कां? तर पतीवर वृद्ध मातेचा व धाकट्या भावांचा भार आहे. बहिष्कार पडला तर? येथें जशी राहतें तशीच तेथें राहीन. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असें त्यांनीं भरसभेंत सांगितलें.

हें अभिवचन साधें नव्हतें. त्याच वर्षीं पंडिता रमाबाई इंग्लंडास गेल्या व तेथें त्यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला. तेव्हां लोकांची भीति अगदींच निराधार होती असें म्हणतां येत नाहीं. पुढें १८८८ सालीं मोहनदास गांधी विलायतेस निघाले, तेव्हां मद्य, मांस व परस्त्री यांपासून दूर राहण्याची शपथ घेऊनच आईची अनुज्ञा मिळाली, आणि तरीही ज्ञातीनें बहिष्कार घातलाच. त्या काळच्या तरुण प्रवाशाच्या सामानांत सर्वांत जड वस्तु असे ती अशी शपथ.

आनंदीबाई ७ एप्रिल १८८३ रोजीं निघाल्या आणि ४ जून रोजीं न्यूयॉर्कला पोहोंचल्या. फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांतून मार्च १८८६ मध्यें त्या एम. डी. झाल्या. वचन त्यांनीं अक्षरशः पाळलें. परंतु त्या निघाल्या तेव्हांच त्यांची प्रकृति क्षीण होती. अशक्तता, डोकेदुखी व अधूनमधून ज्वर हीं दुखणीं मागें लागलेलीं होतीं. तिकडची कडक थंडी त्यांत भर घालणारीच ठरली. कोल्हापूरच्या रुग्णालयांतील जागा त्यांची वाट पाहत असतां २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास क्षयानें त्यांचा अंत झाला. त्यांची रक्षा कार्पेंटर बाईंकडे अमेरिकेस पाठविण्यांत आली.

संकट आल्यास काय कराल, हाही श्रीरामपूरच्या प्रश्नांपैकीं एक होता. संकट कोठेंही येऊं शकतें, असें उत्तर त्यांनीं दिलें. त्या उत्तरांतील धैर्य निःसंशय मोठें. पण प्रश्न विचारणाऱ्यांस त्यांना भिववावयाचें होतें, त्यांच्या प्रकृतीची चिंता वाहावयाची नव्हती. धर्म टिकेल काय, लोक काय म्हणतील, याचा जाब त्या समाजानें बारकाईनें घेतला; तिकडील हिंवाळा हें शरीर सोसेल काय, हें मात्र तितक्या आस्थेनें कोणीं विचारलें नाहीं. आज बहिष्काराची भीति सरली आहे. तरीही मुलास वा मुलीस दूरदेशीं धाडतांना आपण जे प्रश्न विचारतों, त्यांपैकीं किती आपल्या प्रतिष्ठेसाठीं असतात आणि किती त्या जाणाऱ्या जिवासाठीं, याचा विचार प्रत्येक घरानें अवश्य करावा.